आधी हरलेल्यांची पंगत

दीपनगरच्या तापी स्पोर्टिंगवर धुळ्याच्या मैदानात आठवा गोल चढला, त्याच दुपारी इकडे तोताराम नानांच्या शेतात भरिताच्या वांग्यांचा टेम्पो रिकामा होत होता. वांगी बामणोदची, हिरवीगार, एकेक दोन हातांनी उचलावं असं. टेम्पोवाल्याने विचारलं, कोणाचं लग्न आहे का. नाना म्हणाले, लग्न कसलं, उद्या जिंकल्याचं जेवण आहे. नानांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता, त्यामुळे त्यांच्या मते दीपनगर अजून जिंकतच होतं.

आता यात नानांचा काय दोष? तापी स्पोर्टिंग म्हणजे काही गल्लीतला क्लब नव्हे. वीज केंद्राच्या वसाहतीतली पोरं, भुसावळच्या रेल्वेतले दोघे-तिघे दांडगे गडी आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर रविंद्र तायडे सर. खानदेश चषक गेली कित्येक वर्षं यांच्याच कपाटात मुक्कामाला होता. मधूनमधून पॉलिश करायला जळगावला जायचा, तेवढीच काय ती त्याला हवापालट.

रविंद्र सर नोकरी करायचे केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, आणि जगायचे मैदानावर. आवाज खणखणीत, छाती पुढे, अंगात बाराही महिने क्लबचा ट्रॅकसूट. भरिताचा रिवाज त्यांनीच पाडलेला. फायनलच्या दुसऱ्या दिवशी नानांच्या शेतात भरीत करायचं, हरलेल्या संघाला मानाने बोलवायचं, आधी हरलेल्यांची पंगत बसवायची आणि जिंकलेल्यांनी स्वतःच्या हाताने वाढायचं. आपण मागून जेवायचं. एकदा पेपरात याचं कौतुकही छापून आलं होतं, खिलाडूवृत्ती वगैरे. सरांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं.

वाढताना सर काय बोलायचे ते मात्र पेपरात आलं नव्हतं. भरिताचं पातेलं घेऊन ते पंगतीत शिरले की त्यांच्या जिभेला धार चढायची. एखाद्या गोलकीपरला म्हणायचे, पान नीट धर बाबा, हेही सुटेल. फॉरवर्डला म्हणायचे, इथे तरी तोंड सापडलं का, की घास बाहेरून जातोय? सगळी पंगत हसायची. हरलेले जास्तच हसायचे. सर मनापासून खूश व्हायचे, की बघा, हरूनही पोरं कशी हसत घरी चाललीत.

तर इतक्या वर्षांच्या सवयीने झालं काय, की या कार्यक्रमात आधी जिंकावं लागतं, ही गोष्टच सगळे विसरून गेले. वांगी आठवडाभर आधी सांगून ठेवली. भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग रचला. वसाहतीच्या ग्रुपवर जेवणाचं आमंत्रण टाकलं. मॅचच्या सकाळी तर वसाहतीच्या गेटवर फ्लेक्सही चढला, पुन्हा विजेते, हार्दिक अभिनंदन, मध्यभागी सरांचा गॉगलवाला फोटो. आणि धुळ्याला निघालेल्या बसने पारोळ्याजवळ एका ढाब्यावर थांबून पोटभर शेवभाजी चेपली. कोणी म्हणालं, सर, खेळायचंय. सर म्हणाले, खा रे, समोर पांझरा बॉईज आहेत.

पांझरा बॉईज म्हणजे धुळ्याच्या कॉलेजांतली कोवळी पोरं. त्यांचा कोच हितेंद्र पाटील, तोही तिशीच्या आतबाहेरचा. खेळाडू असताना तो तीनदा सरांच्या भरिताच्या पंगतीत बसून गेला होता. त्याच्या पोरांनी शेवभाजी खाल्लेली नव्हती. ती पळाली. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल, मध्यंतराला चार, आणि त्यानंतर दीपनगरच्या लोकांनी मोजणं सोडून दिलं. धुळ्याच्या लोकांनी सोडलं नाही.

गोलमध्ये उभा होता राजदीप. सरांचा एकुलता एक मुलगा, जळगावला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आठवा गोल जाळ्यात गेल्यावर त्याने चेंडू बाहेर काढला आणि बराच वेळ तो छातीशी धरून उभा राहिला, तेव्हा रेफ्रीने येऊन त्याच्या हातातून चेंडू घेतला.

परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही. सर ड्रायव्हरच्या शेजारी बसले, राजदीप सगळ्यात मागे. जळगावला चहासाठी बस थांबली, पण एकही जण खाली उतरला नाही, शेवटी ड्रायव्हर एकटाच चहा पिऊन आला. सरांना मागे वळून काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. लाज वाटत होती, राग येत होता, आणि राग नेमका कोणाचा येतोय हे कळत नसल्यामुळे आणखी राग येत होता. त्यात पोरगा आपला. उद्या लोक म्हणणार, घरचा म्हणून गोलमध्ये उभा केला. त्यांनी दीपनगरपर्यंत समोरचा रस्ता पाहिला, जणू बस तेच चालवत होते.

गेटवरच्या मगन वॉचमनने आपल्या परीने अब्रू झाकली होती. त्याने फ्लेक्स उलटा करून बांधला होता. पण मागे गेटचा मोठा दिवा. त्यामुळे सगळी अक्षरं आरपार उलटी दिसत होती आणि सरांचा गॉगलही. बस त्याखालून निमूट आत गेली.

घरी राजदीप जेवला नाही. आईला म्हणाला, आता बस झालं, मी खेळणार नाही. कुठल्याच वर्षी नाही. आणि दार लावून घेतलं. सविताताईंनी ते जसंच्या तसं नवऱ्याच्या कानावर घातलं आणि म्हणाल्या, जाऊन बोला त्याच्याशी. सर म्हणाले, बोलतो. मग त्यांनी टीव्ही लावला, बंद केला, गॅलरीत गेले, आत आले, पोराच्या दारापर्यंत गेले, आणि तिथून पाणी प्यायला स्वयंपाकघरात वळले. सविताताई हे सगळं पाहत होत्या. त्यांनी भांडी जरा जोरातच लावली.

सकाळी तोताराम नानांचा फोन आला. नानांना आता सगळी बातमी लागली होती. सर म्हणाले, नाना, कार्यक्रम रद्द. वांगी वाटून टाका. नाना मूळचे पारोळ्याकडचे, त्यांची बोली काही सुटली नव्हती. ते म्हणाले, "भाऊ, वांगासले काय मालूम कोन हारनं? काड्या पेटी ग्यात."

फोन ठेवतात न ठेवतात तोच दुसरा वाजला. हितेंद्र. "जय भीम सर," तो अदबीने म्हणाला, "तुमचाच रिवाज आहे, जिंकणाऱ्याने वाढायचं. आमच्या धुळ्यात असं शेत कुठे मिळायचं? म्हणून आम्हीच निघालोय, तिकडे येऊन वाढतो. पोरं खूप खूश आहेत."

सर हो म्हणाले की नाही म्हणाले, ते त्यांनाही आठवत नाही. एवढं मात्र खरं, की पाच मिनिटांत त्यांना आठवलं, घरातल्या मिक्सरचं पातं दिवाळीपासून अडकलंय आणि ते आजच्या आज जळगावला नेऊन दुरुस्त केलं पाहिजे. सविताताई आंघोळीला गेल्या होत्या. सरांनी भांडं पिशवीत घातलं, स्कूटर काढली आणि मागच्या गेटने सुटले.

वाऱ्यावर जरा बरं वाटलं. भुसावळ मागे पडलं तसा जीव हलका झाला. सर मनाशी म्हणाले, संध्याकाळपर्यंत जळगावात काढू, तोवर पोरं जेवून धुळ्याला गेलेली असतील. आपल्याला तिथे कोण ओळखतंय.

पण अंगात ट्रॅकसूट होता. पाठीवर ठळक अक्षरांत तापी स्पोर्टिंग, दीपनगर. दुसरे कपडे घालायचं माणसाला सुचलंच नव्हतं. पहिल्याच सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने पाठ वाचली आणि काही न बोलता, अगदी सहानुभूतीने, मान हलवली. पुढच्या चौकात दोन कॉलेजची पोरं मोबाईल दाखवून हसली. गोलांचा व्हिडिओ जळगावात सरांच्या आधी पोचला होता. कोणीतरी आठही गोल एकामागोमाग जोडून वर सनई लावली होती.

रविवार असल्याने बाजारात दुरुस्तीचं एकच दुकान उघडं होतं. दुकानदार भिकनभाऊ, वयस्कर, नाकावर चष्मा. त्याने मिक्सरचं भांडं हातात घेतलं, पातं फिरवून पाहिलं, मग सरांच्या छातीवरचं क्लबचं चिन्ह पाहिलं.

"आठ ना?" त्याने विचारलं.

सर म्हणाले, हो.

"चालायचंच," भिकनभाऊ म्हणाला आणि पात्यात तेल सोडलं. मग काम करता करता त्याने सरळ मनाने विचारलं, की तो गोलकीपर पोरगा कोणाचा हो? शेवटपर्यंत उड्या मारत होता बिचारा. बाकीचे तर सहाव्यानंतर चालायलाच लागले होते.

सरांनी माझा आहे असं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सविताताई होत्या. मागे शेतावरचा गलका ऐकू येत होता.

"झाला का मिक्सर दुरुस्त?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, होतंच आलंय.

"मग ऐका. धुळ्याची पोरं पातेली घेऊन उभी आहेत. आपली पोरं झाडाखाली उभी आहेत. म्हणतात, सर बसल्याशिवाय आम्ही बसणार नाही. सगळ्यांसमोर फक्त एकजण बसलाय. राजदीप. येऊन सरळ पानावर बसला. म्हणाला, मी हरलोय, मी बसतो." सविताताईंनी आवाज खाली आणला. "एकटाच बसलाय तो तिकडे, अहो. एवढ्या लांब पंगतीत एकटा. इतकी वर्षं वाढताना तुमचा हात थांबत नव्हता. आता बसायच्या वेळी तुम्ही मिक्सर घेऊन पळालात."

सर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर केळीच्या पानांची ती लांब रांग आली आणि तिच्यात एकटा बसलेला पोरगा. सगळी धुळ्याची पोरं समोर. कालपासून आपली अब्रू, आपला क्लब, आपला फ्लेक्स यांचंच त्यांना पडलं होतं, आणि आठही वेळा जाळ्यातून चेंडू काढायला वाकला होता तो दुसराच कोणीतरी होता. त्यांनी भिकनभाऊला पैसे दिले. भांडं घ्यायला विसरले, भिकनभाऊ मागे हाका मारत आला तेव्हा घेतलं.

"तो गोलकीपर," सर स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "माझा मुलगा आहे."

भिकनभाऊ म्हणाला, मग जा की लवकर.

शेतावर पोचेस्तोवर ऊन कलायला लागलं होतं. काड्यांचा धूर अजून बांधावर रेंगाळत होता आणि ठेचलेल्या मिरची-लसणाचा वास थेट रस्त्यापर्यंत येत होता. एवढं सगळं असूनही सरांना भूकबिक काही जाणवली नाही. त्यांना दिसली ती माणसं. एका बाजूला धुळ्याची पोरं, कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात पातेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांच्या टोपल्या, कांद्याच्या पातीची ताटं. झाडाखाली आपला संघ, माना खाली घालून. आणि मध्ये लांबच लांब पंगत, तिच्या एका टोकाला राजदीप. पानावर अजून काही वाढलेलं नव्हतं. सगळे बसल्याशिवाय वाढायचं नाही, हाही सरांचाच नियम.

सर काही क्षण स्कूटरपाशीच उभे राहिले. मग तोताराम नानांनी त्यांना पाहिलं आणि काठीने राजदीपच्या शेजारचं पान दाखवलं.

"आठे जागा शे," नाना म्हणाले. "बस आते, रविभाऊ. बठ्ठा तुन्ही वाट देखी राह्यनात."

सर गेले आणि बसले. बसताना गुडघा कुरकुरला, इतक्या वर्षांत त्यांनी या पंगतीत मांडी घातलीच नव्हती. खालून पंगत किती वेगळी दिसते याचं त्यांना नवल वाटलं. वाढणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात आणि मान वर केल्याशिवाय तोंडं दिसत नाहीत. त्यांच्या मागोमाग झाडाखालची पोरं एकेक करत येऊन बसली. राजदीपने बापाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पानाकडे.

वाढायला सुरुवात झाली. धुळ्याची पोरं वाढण्यात अगदीच कच्ची होती, एकाने भरीत थेट पुरीवर घातलं, दुसऱ्याने मिठाच्या जागी लोणचं. एरवी सरांनी उठून दोघांनाही कामाला लावलं असतं. आज ते बसून राहिले. पातेलं घेऊन स्वतः हितेंद्र रांगेच्या सुरुवातीपासून येत होता. जसा तो जवळ येऊ लागला तशी पंगतीतली कुजबुज बंद पडली. सगळ्यांना ठाऊक होतं आता काय होणार. सर इतकी वर्षं जे बोलले ते सगळं आता व्याजासकट परत येणार. सरांनीही मन घट्ट केलं. बोल बाबा, काय बोलायचं ते. बोलून मोकळा हो.

हितेंद्रने राजदीपला वाढलं. सरांना वाढलं. तेल सुटलेलं, शेंगदाणे घातलेलं गरम भरीत, चांगलं दोन पळ्या. वाढून तो पुढच्या पानाकडे वळला.

सरांना ते सहन होईना.

"हितेंद्र, थांब जरा," ते म्हणाले. "काही बोलला नाहीस."

"काय बोलू सर?"

"मी बोलायचो की. तू कप्तान होतास तेव्हा तुलाही बोललो असेन. आज तुझी पाळी आहे. बोल, मी ऐकतो."

हितेंद्र पातेलं धरून तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, उलट तो थोडा संकोचला होता. मोठ्या माणसाला खरं सांगावं की नाही असा.

"सर, तुम्ही बोलायचात तेव्हा पंगतीत आम्हीही हसायचो," तो म्हणाला. "पण मग इथून धुळ्यापर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोलायचं नाही. एवढंच." आणि त्याने सरांच्या पानावर आणखी एक पळी घातली आणि पुढे गेला.

पंगत जेवायला लागली. सर नुसते पानाकडे पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं पोरं हसत घरी गेली. त्या गाड्या रस्त्याला लागल्यावर आत काय होत असेल, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. आणि काल अगदी तशाच एका गाडीत ते स्वतः बसून आले होते, पुढच्या सीटवर, पोराकडे पाठ करून. त्या गाडीत बसण्याआधी तर कोणी टोमणाही मारलेला नव्हता. ती शांतता त्यांनी स्वतःच घरी आणली होती. सरांना फार वाईट वाटलं, इतकं की घास उचलला तो हातातच राहिला.

शेजारी राजदीप पुरीचे तुकडे करत होता आणि खात नव्हता. लहानपणी ताप आला की हा असंच करायचा.

"तो पाचवा," सर हळूच म्हणाले. समोर बघतच. "पाचवा तू सुंदर अडवला होतास. डावीकडे झेपावून. चेंडू परत त्यांच्याच पायात गेला, त्याला तू काय करणार? तिथे आपला एकही माणूस नव्हता. ती चूक माझी होती."

राजदीपचे हात थांबले. कालपासून पहिल्यांदाच बापाने तोंड उघडलं होतं, आणि निघालं ते हे. मग तो पुन्हा पुरी मोडू लागला. सरांना वाटलं, उशीर झाला.

"सहावा होता तो, पप्पा," राजदीप म्हणाला. "पाचवा सरळ माझ्या पायांमधून गेला."

"हो का?"

"हो."

सरांनी आठवून पाहिलं. खरंच आठवेना.

"पाचव्याला मी डोळे मिटून घेतले होते," सरांनी कबूल केलं.

राजदीपने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"मी पण," तो म्हणाला.

आधी सरांच्या नाकातून हसू आलं, मग राजदीपला आवरेना. पुरी घशात अडकली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. सर त्याच्या पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःच हसून वाकडे झाले. अख्खी पंगत बघायला लागली, की या बापलेकांना भरीत तिखट लागलं की काय. पुऱ्यांच्या टोपलीपाशी उभ्या सविताताईंनी पाण्याचा तांब्या उचलला, आणि मग तसाच खाली ठेवला.

"मंगळवारपासून प्रॅक्टिस," ठसका थांबल्यावर सर म्हणाले. "सकाळी सहाला."

राजदीपने घास तोंडात घातला, शांतपणे चावला, गिळला.

"साडेसहा," तो म्हणाला.

तापी स्पोर्टिंगच्या इतिहासात सरांनी कोणासाठी वेळ बदललेली नव्हती. "बरं, साडेसहा," ते म्हणाले, आणि पान रिकामं होत आल्यावर ते पुढे सरकवून त्यांनी हितेंद्रला हाक मारली, की अरे, इकडे अजून थोडं वाढ, आम्हा दोघांनाही.